चिनूची सळई

नौपाडा, ठाणे

प्रिय संज्या,

उत्तराला उशीर झाला, शिव्या भेटल्यावर घाल. आईचा गुडघा आहे तसाच, बाकी ठणठणीत. आज बसलो ते चिनूपायी. हे दुखणं तुझ्याशिवाय कुणाला कळायचं?

एमएस्सीच्या प्रोजेक्टला त्यानं १ मीटरची तांब्याची सळई घेतलीय, उष्णता कशी पसरते ते कॉम्प्युटरवर काढायला. १ सेंटीमीटरचे तुकडे, वेळेचं पाऊल १ सेकंदाचं, साधी एक्स्प्लिसिट पद्धत, म्हणजे पुढचं तापमान थेट आधीच्या तापमानांवरून. तांब्याला त्यात ०.४५ सेकंदाच्या वर जाता येत नाही. गेलास की करवतीसारखी वरखाली होणारी चूक दर पावलाला ३.४ पट. तापमान सूर्याच्या पलीकडे गेलं. पठ्ठ्यानं उपाय काय केला, तर तुकडे अर्धे! मर्यादा आणखी चौपट खाली, ०.११ वर. हस, मीही हसलो.

पण ती चूक निदान बोंबलते तरी. आता एआयकडून कोड ‘दुरुस्त’ करून आणलाय, पाऊल ०.२, आलेख गुळगुळीत, देखणा. आणि आत लिहिलंय ‘नवं = जुनं’. नमपायमध्ये, म्हणजे पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीत, त्यानं प्रत होत नाही, त्याच अ‍ॅरेला (आकड्यांच्या रांगेला) दुसरं नाव मिळतं, ‘.कॉपी()’ लागतं. मग लूप डाव्या शेजाऱ्याचं नुकतंच बदललेलं तापमान उचलतो आणि उष्णता सुमारे २८ टक्के जास्त वेगानं पसरते. टोकं शून्यावर धरून सळईवर तापमानाची अर्धी साइन (टोकांना शून्य, मध्ये सगळ्यात गरम अशी कमान) ठेवली, तर मधलं तापमान सुरुवातीच्या ३७ टक्क्यांवर यायला साधारण १५ मिनिटं लागायला हवीत. याचं १२ मिनिटांतच येतं. डोळ्यांना काही म्हणजे काही दिसत नाही. व्हायव्हात ‘हे बरोबर कशावरून?’ असं कुणी विचारतच नाही रे, आलेख रंगीत असला की मार्क! याच आकड्यांवर उद्या तो पेपर लिहील.

फोरट्रानमध्ये असं लिहिलं की प्रतच होते, हे तू आता चार वेळा ऐकवशील. ऐकव. पण ‘इम्प्लिसिट नन’ (प्रत्येक व्हेरिएबल आधी जाहीर करायची सक्ती) विसरलं की टायपोचं गुपचूप नवं व्हेरिएबल करणारी भाषाही तीच. सामना बरोबरीत.

वहिनींच्या बदलीचं काय झालं? नेरूळच्या सोसायटीचं पाणी आलं का?

रविवारी चिनूला ट्रान्सहार्बरनं पाठवतोय. १५ आणि १२ चं बोलू नकोस, त्याला तुझ्यासमोर साइन लावून मोजू दे. मग पाऊल आणि तुकडे बदलून पुन्हा.

तुझा,
बाळ्या