गाडीचीही शाकारणी व्हावी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की गाडीची काळजी कशी घ्यावी याविषयीचे लेख वृत्तपत्रांतून येऊ लागतात. वायपरची रबरे बदला, टायरची नक्षी पाहा, ब्रेक तपासून घ्या, असा तो सल्ला असतो आणि तो योग्यच आहे. मात्र गाडीच्या आत झिरपणाऱ्या पाण्याबद्दल त्यात सहसा चकार शब्द नसतो. गेल्या पावसाळ्यात या एका दुखण्यापायी मी दीड महिना हेलपाटे घातले. त्यातून जे कळले ते इतर वाहनधारकांच्या, आणि जमल्यास गॅरेजवाल्यांच्याही, उपयोगी पडावे म्हणून हे पत्र.

आमची सात वर्षे वापरलेली छोटी गाडी आहे. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि गाडी अंगणात उघड्यावरच असते. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आत कुबट वास येऊ लागला, सकाळी काचा आतून धुरकट दिसू लागल्या आणि एके दिवशी पुढच्या डाव्या आसनावर बसलेल्या सौभाग्यवतींनी चप्पल काढताच पायाखालचा गालिचा पचपचीत ओला असल्याचे लक्षात आले. सर्व्हिस सेंटरने पाहता क्षणी एसीच्या पाण्याची नळी तुंबल्याचे निदान केले, नळी साफ केली, एसीचे कसलेसे फवारणीचे काम केले आणि वर सुगंधाची डबी बसवून दिली. चार दिवसांत गालिचा पुन्हा ओला झाला. दुसऱ्या खेपेस समोरच्या काचेच्या कडेने सिलिकॉनचा जाड थर फिरवण्यात आला, आणि तिसऱ्या खेपेस ‘पावसाळ्यात थोडेफार व्हायचेच’ असे ऐकून मी परतलो. तिन्ही खेपांचे मिळून साडेसहा हजार रुपये झाले. पाणी आत नेमके कोठून येते, हे पाहण्यासाठी गाडीवर एक बादली पाणी मात्र कोणी ओतले नाही.

माझी तक्रार नेमकी हीच आहे. गळती बुजवण्यापूर्वी ती शोधावी लागते. कौलारू घरात राहिलेल्या कोणालाही हे सांगावे लागत नाही. कौल फुटलेले असते वळचणीला, पाणी वाशावरून आणि रिपेवरून सरपटत येते आणि थेंब पडतो माजघरात. थेंब पडतो तिथल्या डोक्यावरचे कौल बदलणारा मनुष्य शाकारणीला पुन्हा बोलावला जात नाही. गाडीतही पाणी साचते ती जागा आणि पाणी शिरते ती जागा एक असेलच असे नाही, कारण पाणी गालिच्याखालच्या पत्र्यावरून उताराला वाहत जाते.

एसीचा संशय मुळात घरच्या घरी फेडता आला असता. आपल्याकडच्या दमट हवेत एसी चालू असताना गाडीखाली पाण्याचे थारोळे व्हायलाच हवे. गाडीखाली कोरडे आणि आत ओले असेल तर नळी तुंबली आहे असे समजावे. आमची गाडी चार दिवस जागेवरून हललीच नव्हती, एसी लावण्याचा प्रश्नच नव्हता, आणि तरीही पावसाच्या रात्रीनंतर गालिचा ओला होत होता. हे मी तेथे सांगितलेही होते, पण ते जॉबकार्डावर, म्हणजे गाडीच्या कामाच्या नोंदपत्रावर, उतरले नाही. पाणी बोटांना चिकट लागत असेल, गोडसर वास येत असेल आणि कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) बाटलीतली पातळी उतरत असेल, तर दोष पावसाचा नसून हीटरच्या आतल्या रेडिएटरचा असतो, एवढा भेदही ओळखणे अवघड नाही.

अखेर ओळखीने एका जुन्या गॅरेजात गेलो. तेथील मिस्त्रींनी गाडीला हात लावण्याआधी विचारले, “सर, रात्री गाडी लावता तेव्हा तोंड कुणीकडे असते? जागा उताराची आहे का?” नंतर त्यांनी गालिचा उचलून खालचा पत्रा पुसला आणि त्यावर जुन्या वर्तमानपत्राची कोरडी पाने अंथरली. (आपल्या वृत्तपत्राचा हा उपयोग आपण गोड मानून घ्याल, अशी आशा आहे.) मला विजेरी देऊन आत बसवले, दारे लावून घेतली आणि एका मुलाला साध्या नळीने, जोर न लावता, खालून वर असे पाणी सोडायला सांगितले. वरून सुरुवात केली तर पाणी एकाच वेळी सगळ्या फटींवरून ओघळते आणि काहीच कळत नाही. जोराच्या फवाऱ्याने तर धडधाकट रबरातूनही पाणी आत घुसते आणि भलतीच जागा दोषी ठरते. दाराच्या खालच्या भागावर पाच मिनिटे पाणी सोडले तरी काही झाले नाही. नळी दाराच्या काचेच्या तळाशी आली आणि चौथ्या मिनिटाला वर्तमानपत्राची दाराकडची कड काळपट होत आत सरकू लागली. समोरच्या काचेपर्यंत, म्हणजे त्या सिलिकॉनपर्यंत, नळी न्यायची वेळच आली नाही.

दाराचे आतले पॅड काढल्यावर जे दिसले त्याने मी चकित झालो. काचेवरचे पाऊसपाणी दाराच्या पोकळीत उतरतेच. तो दोष नव्हे, दाराची रचनाच तशी असते. ते पाणी दाराच्या तळाच्या बारीक भोकांतून बाहेर पडावे आणि केबिनकडे येऊ नये, यासाठी पॅडच्या मागे प्लास्टिकचा एक पातळ पडदा काळ्या चिकट पट्टीने डकवलेला असतो. आमच्या दारात तो पडदा खालच्या कोपऱ्यात वीतभर फाटलेला होता आणि उरलेला नुसता टेकवून ठेवलेला होता. मिस्त्रींनी काचेवर तांब्याने पाणी ओतले तेव्हा बरेचसे भोकांतून खाली गेले, पण एक धार फाटलेल्या कोपऱ्यावरून वळून उंबऱ्याच्या आतल्या बाजूला उतरताना मी डोळ्यांनी पाहिली. मग आठवले, की जानेवारीत या दाराची काच वरखाली करणारी मोटर बदलली होती, आणि तीही त्याच सर्व्हिस सेंटरमध्ये. जानेवारीत केलेली चूक जूनमध्ये उघडी पडते आणि तोवर दोन्हींची सांगड कोणाच्याच डोक्यात उरत नाही. स्पीकर बसवून घेणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे, कारण तेव्हाही हाच पडदा फाडला जातो.

नवा पडदा आणि ब्युटाईलची चिकट पट्टी यांत काम भागले आणि खर्च आधीच्या एका खेपेच्या पावही आला नाही. खरा त्रास झाला तो वाळवण्याचा. गालिच्याखालचा नमदा पाणी पिऊन फुगलेला होता आणि पिळल्यावर त्यातून बादलीभर पाणी निघाले. वरून गालिचा कोरडा लागला तरी हा नमदा आठवडेच्या आठवडे ओला राहतो आणि बुरशी, वास व पत्र्याला गंज यांचे मूळ त्यातच असते. पुढच्या आसनांखालून वायरी आणि त्यांची जोडण्याची टोके जातात, त्यामुळे पाणी साचू देणे हा केवळ वासाचा प्रश्न राहत नाही. आसने काढायची झाल्यास बॅटरी सोडवून काही मिनिटे थांबावे, आणि पिवळ्या वेष्टनातल्या वायरी एअरबॅगच्या व सीटबेल्टच्या असतात म्हणून त्यांना अनभिज्ञ माणसाने हात लावू नये, असे मिस्त्रींनी मला दोनदा बजावले.

वाटा अर्थात आणखीही असतात. वायपरखालच्या जाळीत सुरूच्या सुया आणि गुलमोहराची बारीक पाने साचली की तिथले पाणी निचऱ्याच्या भोकांऐवजी ब्लोअरमध्ये उतरते. टपाला खिडकी असलेल्या गाड्यांत तिच्या कोपऱ्यांतल्या निचऱ्याच्या नळ्या तुंबतात आणि छताचे कापड ओले होते. या नळ्यांत जोराची हवा मारली तर त्या आतल्या आत सांध्यातून निसटतात, म्हणून नायलॉनची मऊ दोरी सावकाश सरकवावी. डिकीत पाणी असेल तर स्टेपनी काढून खालची खळगी पाहावी आणि संशय आधी मागच्या दिव्यांच्या पॅकिंगवर घ्यावा. तळाचे रबरी बूच काढून ठेवणे हा अनेकांचा आवडता उपाय आहे, पण त्या वाटेने धूळ आणि धूरही आत येतो. खाऱ्या हवेमुळे आमच्याकडे मे महिन्यात गाडीच्या तळाला गंजरोधक थर मारून घेण्याची पद्धत आहे. तो मारणाऱ्याने दारांची व उंबऱ्यांची भोके झाकून टाकली, तर गंजापासून वाचवायला केलेला खर्चच गंजाला निमंत्रण देतो.

सिलिकॉनविषयी थोडे कठोरपणे लिहावे लागेल. ज्याला शिर्क्यासारखा आंबट वास येतो तो प्रकार उघड्या पत्र्याला गंज आणू शकतो, आणि कोणत्याही सिलिकॉनचा अंश राहिलेल्या जागेवर पुढे रंग किंवा काचेचे योग्य चिकटद्रव्य नीट धरत नाही. आमच्या काचेवरचा तो थर खरवडायला दोन तास लागले. शोध न घेता थर फिरवणे ही दुरुस्ती नव्हे, आणि त्याचे पैसे घेणे तर नाहीच नाही.

माझी सूचना साधी आहे. पावसाळ्यापूर्वी वाहन कंपन्यांची जी तपासणी शिबिरे भरतात, त्यांच्या यादीत वायपरखालची जाळी, दारांची भोके आणि एसीची नळी यांचा समावेश व्हावा. गळतीची तक्रार आल्यास पाण्याची चाचणी कोठे व किती वेळ घेतली आणि काय दिसले, हे जॉबकार्डावर लिहून ग्राहकाला द्यावे, म्हणजे पुढे ग्राहक आयोगाकडे जाण्याची वेळ आलीच तर हातात काही कागद राहील. आणि दाराचे पॅड ज्या कारणाने उघडले जाईल, मग तो महिना जानेवारी का असेना, ते परत बसवण्यापूर्वी तांब्याभर पाणी काचेवर ओतून पाहावे. त्याला मिनिटभरही लागत नाही.

आपला,
एक नियमित वाचक, रत्नागिरी