टेपवरच्या काळ्या रेघा

मिसिसॉगा, ऑन्टारियो

तीर्थरूप आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी कारखान्यात होते, म्हणून धड बोलता आलं नाही. "तू तिकडे नक्की शिकवतेस तरी काय?" असं विचारलंस. फोनवर ते अर्धवटच राहतं, म्हणून आज पत्र लिहायला बसले.

सुया, कॅथेटर, पेसमेकर बनवणाऱ्या कंपन्यांचं काम तपासायला बाहेरची माणसं जातात. ती कंपनीचीही नसतात आणि सरकारचीही नसतात. ती माणसं मी तयार करते. कॅनडात 1 जानेवारी 2019 पासून, अगदी कमी धोक्याची साधनं सोडली तर, लायसन्ससाठी एमडीसॅपचं, म्हणजे अनेक देशांनी मिळून ठरवलेल्या एका तपासणी-योजनेचं, ऑडिट लागतं. त्या एकाच ऑडिटचा अहवाल ऑस्ट्रेलिया, ब्राझील, कॅनडा, जपान आणि अमेरिका असे पाच देश वापरतात. आमच्या माणसाची नजर चुकली तर ती पाच देशांसाठी चुकते.

परवा माझ्याबरोबर एक नवा मुलगा होता. इंजिनिअर, हुशार, आयएसओ 13485 ची, म्हणजे वैद्यकीय साधनांच्या गुणवत्तेच्या आंतरराष्ट्रीय मानकाची, कलमं तोंडपाठ. आम्ही पाऊच सील करणाऱ्या मशीनपाशी उभे होतो. तिथल्या बाई दर तासाला तापमान वहीत लिहितात. त्याने वही पाहिली, एकही रकाना रिकामा नाही, सह्या जागेवर. समाधानाने पान उलटायला निघाला. मी काहीच बोलले नाही, नुसती उभी राहिले. मग त्याची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. अडीच वाजले होते आणि वहीत चार वाजेपर्यंतचे आकडे भरलेले होते.

त्या बाईंचा चेहरा असा उतरला की मलाही वाईट वाटलं. त्याला तर जास्तच. संध्याकाळी त्याने लिहून आणलं, "नोंदी नीट ठेवल्या जात नाहीत." मी ते परत दिलं. कुठलं मशीन, कुठली तारीख, किती वाजता काय दिसलं, कुठल्या कलमाला ते सोडून आहे, हे सगळं हवं. बाईंचं नाव मात्र नको. खरा वाद पुढे झाला. त्याने हा दोष नोंदींच्या कलमाखाली घातला होता. तिथे पहिल्यांदाच सापडलेल्या दोषाला 1 गुण पडतो. उत्पादनाच्या कलमाखाली गेला तर 3. तोच दोष आधीच्या दोनपैकी एखाद्या ऑडिटमध्ये सापडलेला असेल तर 4. गुण वाढेल तसा दोष गंभीर, 5 म्हणजे सगळ्यात वरचा. पाचाचा एक दोष निघाला तरी पाच कामाच्या दिवसांत त्या देशांच्या सरकारांना कळवावं लागतं. मी त्याला एवढंच विचारलं, ते तापमान लिहायचं कशासाठी? बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, सील कच्चं राहिलं तर पाऊच उघडेल आणि आतली वस्तू निर्जंतुक राहणार नाही. त्याने स्वतःच 3 लिहिले.

तेव्हा मला मिरजेच्या हॉस्पिटलातली तू आठवलीस. ऑटोक्लेव्हमधून, त्या वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रातून, कपड्यांचं बंडल निघालं की त्याच्या टेपवरच्या काळ्या रेघा पाहून नवीन सिस्टर खूश व्हायच्या. तू म्हणायचीस, रेघा उमटल्या म्हणजे बंडल आत जाऊन आलं एवढंच. वाफ मधल्या कपड्यापर्यंत पोचली का ते टेपला कुठून कळणार? मग बंडलाच्या मधोमध ठेवलेली, वाफ लागली की रंग बदलणारी पट्टी काढून बघायचीस. मी आता रोज हेच शिकवते. फाइल कुठली बघायची ते कंपनीला ठरवू देऊ नका, आपण निवडा. "तुम्ही हे नियमित करता ना?" असं विचारू नका, "करून दाखवा" म्हणा. आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. हे शेवटचं शिकवायला सगळ्यात वेळ लागतो.

वर्गात मी पीआयपीची गोष्ट सांगते. फ्रान्समधली स्तन-इम्प्लांटची ही कंपनी कारखान्यात वापरायचं स्वस्त सिलिकॉन भरत होती. ऑडिटर वर्षानुवर्षं येत होते, पण ते येणार हे आधी कळायचं आणि तो माल हलवला जायचा. 2010 साली सरकारी तपासनीसांनी ते उघडकीस आणलं. मालकाला 2013 मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली. पण ते इम्प्लांट लाखो बायकांच्या अंगात गेलेच होते, आणि कितीतरी जणींना ते काढायला पुन्हा टेबलावर जावं लागलं. हे सांगताना माझा आवाज अजूनही बदलतो. आता युरोपात न कळवता जाऊन तपासणं बंधनकारक आहे, पाच वर्षांत निदान एकदा तरी.

दादाला सांग, बाहेरच्या माणसांनी तपासणं आपल्याकडेही वैद्यकीय साधनांच्या 2017 च्या नियमांनी आलं आहे. अ आणि ब, म्हणजे कमी धोक्याच्या वर्गांतल्या साधनांचे बरेच कारखाने तिथेही नोटिफाइड बॉडीचे, म्हणजे सरकारमान्य बाहेरच्या संस्थेचे लोक तपासतात.

पुढच्या महिन्यात सहा नवीन जण येताहेत. तुझी ऑटोक्लेव्हची जुनी वही माळ्यावरच्या पेटीत असेल. तिच्या एका पानाचा फोटो बाबांना काढून पाठवायला सांग. मधली पट्टी चिकटवलेलं पान हवं, बाहेरच्या टेपचं नको.

बाबांना नमस्कार. गुडघ्याचं औषध वेळेवर घे.

तुझी,
सुमा