पंधरापर्यंत मोजणाऱ्या सिस्टरांना

सिस्टर,

पेटीतल्या बाळांच्या कितीतरी आया तुम्ही पाहिल्या असतील, मी कुठली आठवणार! पण बांगड्यांवरून भांडलेली म्हटलं तर आठवेन कदाचित.

लेक बत्तिसाव्या आठवड्यातच झाली, १४२० ग्रॅमची. तिसऱ्या दिवशी मला एसएनसीयूत, म्हणजे आजारी आणि अशक्त नवजात बाळांच्या खास कक्षात सोडलं, तर तुम्ही दारातच अडवलंत. हिरवा चुडा, अंगठी, मनगटावरचा गंडा, सगळं उतरवा. बाहेरून सासूबाई म्हणाल्या, बाळंतिणीचे हात मोकळे ठेवू नयेत. मीही तावातावाने बोलले. तुम्ही वाद घातला नाहीत. बांगड्या माझ्याच रुमालात गुंडाळून पदराला गाठ मारून दिलीत. "बांगडीखाली साबण पोचत नाही. आणि तिच्या हातात सुई आहे, म्हणजे जंतूंना दार उघडंच आहे." मग कोपरापर्यंत हात धुवायला लावलेत. दोनदा, कारण पहिल्यांदा अंगठे राहिले होते.

रात्री मी तुम्हाला बघत बसायचे. औषध सोडण्याआधी नळीचं तोंड स्पिरिटच्या बोळ्याने चोळताना तुम्ही ओठांतल्या ओठांत काही पुटपुटायचात. मला वाटलं, जप चाललाय. एकदा कान देऊन ऐकलं, तर अकरा, बारा, तेरा... पंधराला थांबलात, आणि ते वाळेपर्यंत नळी तशीच धरून उभ्या राहिलात. शेजारचं बाळ टाहो फोडत होतं तरी. "ओल्यावरच औषध घातलं तर चोळून काय उपयोग?" एवढंच म्हणालात. राऊंडला आलेल्या मोठ्या डॉक्टरांनाही तुम्ही "सर, हात" म्हणून बेसिनकडे परतवलेलं मी पाहिलंय. ते मुकाट्याने गेले!

सगळ्यात जास्त चिडले ते पाचव्या रात्री. दर तासाला टॉर्च मारून तुम्ही तिचा हात बघायचात. त्या रात्री बघितलात आणि पंप चालू असताना सुई काढूनच टाकलीत. म्हणजे पुन्हा टोचणार! मी नाही नाही ते बोलले. तुम्ही आधी काम उरकलंत, मग मला जवळ बोलावून दाखवलंत: मुगाच्या दाण्याएवढी लाली. "चांगली चालत असेल तर मी उगाच बदलत नाही. लाल झाली की मिनिटभर ठेवत नाही." आईच्या रक्तातून रोगाशी लढायची शिदोरी बाळाला मिळते ती मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत, हिची अर्धी वाटेतच राहिली, हेही तेव्हाच सांगितलंत. अशा बाळांना इन्फेक्शन झालं तरी ताप येईलच असं नाही. बाळ नुसतं गार पडतं, दूध सोडतं. तो टॉर्च कशासाठी, ते मला तेव्हा कळलं.

आणि दूध काढायला तुम्ही किती पाठी लागायचात! मला वाटायचं, दोन-दोन मिलीने काय होणार? "दूध वाढलं की सलाईन सुटलं, सलाईन सुटलं की दार बंद." दहाव्या दिवशी शेवटची सुई निघाली. पुढे तिने बोंडल्याने दूध घेतलं तेव्हा ड्यूटी संपली असूनही तुम्ही थांबला होतात.

त्या रात्री जे बोलले त्याची माफी तेव्हा मागायची राहिली, ती आता मागते. लेक सात महिन्यांची झाली, पालथी पडते, चुडा दिसला की ओढते.

सासूबाईंनी तुमच्यासाठी डिंकाचे लाडू केलेत. डब्यावर तुमच्या सलाईनच्या सेटवर असायची तशी चिकटपट्टी लावली आहे, तारीख आणि वेळ घालून.

तुमची,
चौथ्या वॉर्मरवाल्या बाळाची आई