सहा चंद्रांच्या आकाशाला जपणार कोण?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुलांच्या गेम खेळण्यावरून गेले काही आठवडे आपल्या वाचकपत्रांच्या सदरात चर्चा चालली आहे. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी त्यात विचारलं होतं, की मूल तासन्‌तास पडद्यासमोर बसून उठतं, तेव्हा त्याच्या हाती उरतं काय? प्रश्न कळकळीचा होता, म्हणून सविस्तर उत्तर द्यावंसं वाटलं. मी सांगलीत एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. या विषयाची गोडी मला लागली त्याला आजोबांचा जुना ॲटलास कारण आहे, शाळेतल्या बाई कारण आहेत आणि ‘स्काइज ऑफ आर्केडिया’ नावाचा एक गेमही कारण आहे. पहिल्या दोघांबद्दल कुणीही कौतुकाने ऐकतं. तिसऱ्याबद्दल बोलायची सोय आजवर कुठे नव्हती, ती आपल्या चर्चेने करून दिली.

वडिलांच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीमुळे आम्ही तेव्हा अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसन गावी राहत होतो. सेगा कंपनीचं ड्रीमकास्ट हे गेम खेळायचं यंत्र २००१च्या फेब्रुवारीत एकदम शंभर डॉलरच्या आत आलं, म्हणून आमच्या घरात आलं. स्वस्त होण्याचं कारण आम्हां मुलांना ठाऊक नव्हतं. ३१ जानेवारी २००१ला सेगाने या यंत्राचं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं होतं. ‘स्काइज ऑफ आर्केडिया’ हा याच यंत्रावरचा गेम अमेरिकेत आला होता नोव्हेंबर २०००मध्ये. म्हणजे जेमतेम अडीच महिन्यांत त्याच्या पायाखालची जमीन गेली. सोनीचं प्रतिस्पर्धी यंत्र प्लेस्टेशन २ नुकतंच बाजारात उतरलं होतं आणि सगळ्यांच्या नजरा तिकडे होत्या. इतका देखणा गेम फार थोड्या लोकांपर्यंत पोचला, त्याचं मोठं कारण हे.

त्या जगात समुद्र नाही. आकाश हाच समुद्र. बेटं हवेत तरंगतात, जहाजं ढगांतून जातात आणि खाली, फार खाली, इतकं दाट आभाळ आहे की जहाज बळकट केल्याशिवाय उतरलं तर दाबाने चिरडून जाईल. वर सहा चंद्र आहेत आणि ते आपापली जागा सोडत नाहीत. प्रत्येक चंद्राखाली त्याचा त्याचा प्रदेश. तांबड्या चंद्राखाली नास्र नावाचं वाळवंट, हिरव्याखाली इक्सटाकाचं घनदाट अरण्य, जांभळ्याखाली बर्फात गाडलेला ग्लेशिया, निळ्याखाली पूर्वेकडचा याफुटोमा, पिवळ्याखाली व्हलुआचं साम्राज्य. रुपेरी चंद्राखालची भूमी मात्र कुणाच्या नजरेला पडत नाही. चंद्रांवरून खडे पडतात, त्या खड्यांवर जहाजांची इंजिनं चालतात, त्यांच्याच रंगांवर जादू चालते. तांबड्याचा गुण आग, जांभळ्याचा बर्फ, पिवळ्याचा वीज. एखाद्या प्रदेशाचं हवामान, तिथलं इंधन, तिथली वस्ती आणि तिथलं राजकारण एकमेकांत कसं गुंतलेलं असतं, हे मी वर्गात आज दख्खनच्या पठारावर शिकवते. मला ते पहिल्यांदा उमगलं त्या चंद्रांखाली.

गोष्ट तीन मुलांची. व्हाइस आणि आयका हे आकाशातल्या ‘ब्लू रोग्ज’ (Blue Rogues) या चाच्यांच्या कुळातले. हे चाचे दुबळ्यांच्या वाटेला जात नाहीत, साम्राज्याची सशस्त्र जहाजं तेवढी लुटतात. तिसरी फिना, त्यांनी पहिल्याच स्वारीत सोडवलेली, कुठून आली ते न सांगणारी मुलगी. व्हाइसच्या एका डोळ्यावर भिंग, आयकाच्या हाती बुमरँग, आणि फिनासोबत क्युपिल नावाचा हवे ते आकार घेणारा इवला जीव, तोच तिचं शस्त्र. पुढे लागोपाठ माणसं भेटत जातात. ड्राक्मा नावाचा म्हातारा खलाशी एका प्रचंड आकाशदेवमाशाचा वर्षानुवर्षे माग काढत फिरतो. व्हलुआचा राजपुत्र एनरीके आईच्या राज्यविस्ताराला विरोध करून या मुलांच्या जहाजावर येतो. माझ्या धाकट्या भावाला लढायांत रस होता, मला सुकाणूत. त्यामुळे आमची वाटणी सरळ होती, जहाज मी हाकायचं आणि शत्रू दिसला की रिमोट त्याच्या हाती द्यायचा. आजी त्या उन्हाळ्यात आमच्याकडे आली होती. ती वाती वळत शेजारी बसायची आणि विचारायची, “काय गं, आज कुठल्या चंद्राखाली आहात?”

मुख्याध्यापकांच्या प्रश्नाचं खरं उत्तर या गेममधल्या एका छोट्या व्यवस्थेत आहे, म्हणून ती जरा नीट सांगते. नकाशा सुरुवातीला कोरा असतो. जहाज जिथून जाईल तेवढाच भाग भरत जातो. मोकळ्या आकाशातून जाताना पडद्याच्या कोपऱ्यातलं होकायंत्र कधी कधी अचानक गरगरू लागतं. याचा अर्थ जवळपास काहीतरी आहे. डोळ्यांना दिसेलच असं नाही. मग वेग कमी करायचा, थोडं वर, थोडं खाली, मागे वळून पुन्हा, असं घोटाळत राहायचं आणि बरोबर जागी आल्यावर बटण दाबायचं. कधी आकाशातलं पोवळं सापडतं, कधी कुण्या चाच्याची कबर. हा शोध खलाशांच्या संघाकडे जाऊन नोंदवायचा, तिथे त्याचे पैसे मिळतात. दुसऱ्या कुणी तो आधी नोंदवला तर किंमत उतरते. कथा पुढे न्यायला यांतल्या बहुतेक शोधांची काडीचीही गरज नाही. ते न लावताही गेम संपवता येतो. तरी आम्ही तासन्‌तास तेच केलं. रिकाम्या दिसणाऱ्या जागेकडे निरखून पाहायचं आणि तिथे काही असू शकेल असा विश्वास ठेवायचा, हे मला कुणी उपदेशाने शिकवलं नाही.

पुढे इंजिन सुधारलं की वाऱ्याच्या त्या भयंकर भिंती ओलांडता येतात, ज्यांच्यापलीकडे जग संपतं असं पश्चिमेकडची माणसं मानत आलेली असतात. जहाज पूर्वेला जात राहतं आणि जग संपत नाही. शेवटी प्रदक्षिणा पूर्ण होते आणि ‘जग गोल आहे’ हाच एक शोध म्हणून यादीत लिहिला जातो. पाचव्या-सहाव्या इयत्तेत मी हे वाक्य पाठ केलं होतं. ते स्वतः हाकलेल्या जहाजातून कळण्याचा आनंद वेगळाच होता.

हे जग गोडगुलाबी होतं असंही नव्हे. व्हलुआच्या राजधानीत वरचं शहर श्रीमंतांचं आणि खालचं शहर धुराने काळवंडलेल्या गरिबांचं. इक्सटाकाच्या माणसांना साम्राज्याचे सैनिक खाणीत जुंपतात, चंद्रखडे काढायला. आणि नास्रची राजधानी, जिच्या बाजारात आम्ही भाऊबहीण निवांत हिंडलो होतो, तीच एके दिवशी आरमाराच्या तोफांनी जाळली जाते. पुन्हा तिथे गेलं की तेच रस्ते आणि दुकानांच्या जागी ढिगारे. त्या रात्री भाऊ जेवला नाही. आज वर्गात वसाहतवादाचा धडा आला की साम्राज्याला अरण्यातल्या खाणी का लागतात हा प्रश्न मी सर्वात आधी विचारते, कारण मला तो त्या वयात पडला होता.

गेममध्ये दोषही होते. चार पावलं टाकली की कुठूनतरी शत्रू उपटायचा आणि शोधाची तंद्री मोडायची. २००२च्या अखेरीस निन्टेंडो कंपनीच्या गेमक्यूब या यंत्रासाठी ‘लेजंड्स’ या नावाने सुधारित आवृत्ती आली, तेव्हा हे प्रमाण कमी केलं गेलं. त्यानंतर मात्र काही नाही. पुढचा भाग आला नाही. आजच्या कुठल्याही यंत्रावर हा गेम विकत मिळत नाही. सेगाच्या दुसऱ्या एका गेममध्ये, २००८च्या ‘व्हाल्किरिया क्रॉनिकल्स’मध्ये, व्हाइस आणि आयका सैनिक म्हणून दिसतात आणि फिना परिचारिका म्हणून, इतकंच. आपल्या जगातून विस्थापित झालेली माणसं दुसऱ्याच्या घरी भेटावीत तसं मला ते पाहून वाटलं.

या गेमच्या निर्मात्या रिएको कोदामा. १९८४मध्ये त्या सेगात लागल्या, ‘फँटसी स्टार’ या १९८७च्या गेमच्या चित्रकार त्याच आणि त्या मालिकेच्या चौथ्या भागाच्या दिग्दर्शकही त्याच. पुरुषांनी भरलेल्या त्या धंद्यात एका बाईने माझ्या बालपणाचं आकाश उभं केलं, हे मला मोठेपणी कळलं. मे २०२२मध्ये त्या गेल्या. जगाला बातमी कळली ती ऑक्टोबरमध्ये, सेगाच्या एका छोट्या यंत्रातल्या श्रेयनामावलीत त्यांना वाहिलेली आदरांजली लोकांच्या नजरेस पडली तेव्हा. एखादा चित्रपट दिग्दर्शक गेला तर आपण अग्रलेख लिहितो. कोदामाबाईंवर मराठीत एक ओळ माझ्या वाचनात आली नाही, म्हणून त्यांचं नाव निदान या पत्रात छापून यावं अशी इच्छा आहे.

२००१च्या मंदीत वडिलांचं काम गेलं आणि आम्ही परत आलो. अमेरिकेतलं यंत्र ११० व्होल्टवर चालणारं, म्हणून बाबांनी पुण्याच्या बुधवार पेठेतून जडच्या जड स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आणला. त्यावर बरीच वर्षं ते चाललं. आता त्याच्या लेझरला चकती धडपणे वाचता येत नाही. आतल्या घड्याळाची बॅटरी बोर्डाला झाळलेली आहे, ती गेल्यामुळे दर वेळी ते तारीख विचारतं. आमच्या प्रवासाची नोंद एका छोट्या पडद्याच्या मेमरी कार्डात आहे आणि ती सेल संपले तरी पुसली जात नाही. पण ती उघडायला यंत्र हवं, यंत्राला चकती हवी, आणि दोन्ही बनणं बंद होऊन जवळपास पाव शतक झालं.

हे माझ्या एकटीचं गाऱ्हाणं असतं तर आपली जागा अडवली नसती. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३मध्ये पाहणी केली. २०१०पूर्वी तिथे निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळतच नाहीत. असे गेम अभ्यासकांना दुरून वापरू देण्याची मुभा ग्रंथालयांना मिळावी अशी मागणी झाली, ती तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४मध्ये फेटाळली. फ्रान्समध्ये मात्र १९९२च्या कायद्याखाली गेमची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात जमा होते. जपानमध्ये क्योटोचं रित्सुमेइकान विद्यापीठ गेमचा संग्रह करतं.

आपल्याकडे १९५४चा कायदा आहे. प्रकाशकाने पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि आणखी तीन ठिकाणी द्यायची. पुढे त्यात वृत्तपत्रंही आली, गेम आले नाहीत. आणि गेम आता परदेशातच बनतात असं राहिलेलं नाही. २०२०चा ‘राजी’ पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवला. त्याआधी मुंबईच्या इंडियागेम्सने बटणांच्या मोबाइलसाठी कितीतरी गेम काढले, ते एसटीच्या प्रवासात खेळलेली एक अख्खी पिढी आज चाळिशीकडे आली आहे. ते फोन गेले, त्यांच्यासोबत ते गेमही. ‘आलम आरा’ची एकही प्रत उरली नाही आणि फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चे काही भागच हाती आहेत, याची हळहळ आपण दर वर्षी व्यक्त करतो. पुण्यात चित्रपट संग्रहालय १९६४मध्ये उभं राहिलं, तेव्हा ‘आलम आरा’ला तेहतीस वर्षं होऊन गेली होती. पहिल्या भारतीय मोबाइल गेमना अजून तेवढी झालेली नाहीत. पुण्यातलं ते संग्रहालय किंवा आपल्या विद्यापीठांची ग्रंथालयं यांनी गेमसाठी एक दालन उघडावं, चालू स्थितीतल्या यंत्रांसह, एवढी माझी मागणी आहे. संबंधितांपर्यंत ती आपल्या मार्फत पोचावी.

आणि सांगली, मिरज, कोल्हापूर भागातल्या वाचकांना एक विनंती. घर आवरताना जुनी गेमची यंत्रं, चकत्या, संगणक मासिकांसोबत आलेल्या सीड्या, बटणांचे फोन सापडले तर ते भंगारात घालू नका. ते चालत असोत वा नसोत, सोबतच्या पुस्तिका आणि खोकी असतील तर तीही ठेवा. आमच्या शाळेत एक कपाट मोकळं केलं आहे. दालन होईपर्यंत ते सामान तिथे लेबल लावून, कोरड्या जागी ठेवायची जबाबदारी मी घेते. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिलेला आहे.

आपली विश्वासू,
एक भूगोल शिक्षिका,
सांगली