‘इडियट’ : मालिका पाहा, पण कादंबरी उघडी ठेवून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘मालिका पाहिली, आता कादंबरी कशाला वाचायची?’ हा प्रश्न हल्ली वाचनालयातसुद्धा कानावर पडतो. रशियन लेखक दस्तयेव्हस्कीची ‘इडियट’ ही कादंबरी मी नुकतीच पुन्हा वाचली, तीही व्लादिमिर बोर्त्को यांनी रशियन दूरचित्रवाणीसाठी केलेल्या मालिकेच्या जोडीने. २००३ साली दाखवलेल्या या मालिकेचे दहा भाग आहेत. आधी तेवढा मजकूर वाचायचा, मग तो भाग पाहायचा आणि पुन्हा पुस्तकाकडे यायचे, असा क्रम ठेवला. त्यातून जे हाती लागले ते इतर वाचकांना सांगावेसे वाटते.

असे टप्प्याटप्प्याने वाचणे या कादंबरीला मानवते. मुळात ती ‘रुस्की व्हेस्तनिक’ या मासिकातून १८६८ पासून हप्त्याहप्त्यानेच छापली गेली. दस्तयेव्हस्की तेव्हा कर्जापायी देश सोडून युरोपात फिरत होता. जिनिव्हात त्याची जेमतेम तीन महिन्यांची मुलगी सोन्या दगावली, तरी पुढचे हप्ते लिहिणे भागच होते. हे माहीत असले की कथानकातले धक्के आणि मध्येच सुटलेले धागे वेगळ्याच नजरेने वाचले जातात.

मालिकेने मला काय दिले, तर माणसांनी भरलेल्या खोल्या. कादंबरीची नायिका नास्तास्या फिलिपोव्हना हिच्या वाढदिवसाची रात्र घ्या. तिच्यासाठी वेडा झालेला श्रीमंत व्यापारीपुत्र रोगोझिन तिच्यापुढे एक लाख रुबल आणून ठेवतो, वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने करकचून बांधलेले. ती ते पुडके पेटत्या शेकोटीत भिरकावते आणि पैशांसाठी तिच्याशी लग्न करायला निघालेल्या गान्याला सांगते, हातमोजे काढ, नुसत्या हातांनी बाहेर काढलेस तर सगळे तुझे. कागद पेट घेतो, रोगोझिनबरोबर आलेला कारकून लेबेदेव्ह गुडघ्यांवर येऊन गयावया करतो. गान्या मात्र हात घालत नाही. जायला वळतो आणि मूर्च्छा येऊन कोसळतो. शेवटी तीच चिमट्याने पुडके ओढून काढते. वर्तमानपत्राचे तीन पदर होते म्हणून आतल्या नोटा शाबूत राहतात. वाचताना आपण बोलणाऱ्याच्या मागे धावतो. पडद्यावर पाहून पुन्हा त्याच पानांवर आले की न बोलता उभी असलेली माणसेही दिसू लागतात. येवगेनी मिरोनोव यांनी साकारलेल्या नायकाबद्दल, प्रिन्स मिश्किनबद्दलही हेच म्हणेन. त्याचा चांगुलपणा कागदावर कधीकधी पुस्तकी वाटतो. मिरोनोव यांच्या चेहऱ्यावर तो क्षणभरही तसा वाटत नाही.

पण एक गोष्ट कोणतीही मालिका देऊ शकत नाही, आणि ‘इडियट’ची खरी ताकद मला तिथेच वाटते. ती म्हणजे या कादंबरीचा निवेदक. कादंबरीचा पहिला भाग मिश्किनच्या एका दिवसाचा, जवळजवळ तासातासाचा हिशेब देतो. त्यानंतर सहा महिने मिश्किन पीटर्सबर्गबाहेर असतो, नास्तास्याशी त्याचे नाते याच काळात कायमचे बदलते, आणि निवेदक आपल्या हाती जवळपास फक्त अफवा ठेवतो. चौथ्या भागात, मिश्किन आणि नास्तास्याचे लग्न तोंडावर आलेले असताना, तो सरळ सांगून टाकतो की घडले ते का घडले याचा उलगडा करणे आपल्यालाही अवघड आहे. मग गावातली कुजबुज सांगतो आणि मिश्किनला चार शब्द सुनावणाऱ्या, त्याच्या ओळखीतल्या येवगेनी पाव्हलोविचच्या बाजूने उभा राहतो. ज्याच्या बोटाला धरून आपण इतकी पाने आलो, तोच नायकाला सोडून जातो! मिश्किनला समजून घ्यायचे की आपणही त्याला वेड्यात काढायचे, हे वाचकाने एकट्याने ठरवायचे असते. कॅमेऱ्याला असे हात वर करता येत नाहीत. मिश्किनचा चेहरा समोर आला की आपण आपसूक त्याचेच होतो. शेवटची पाने त्यामुळेच पुस्तकात जास्त जड जातात.

या कादंबरीचा एक अवतार आपल्या फार जवळचा आहे. मणी कौल यांनी १९९१ मध्ये दूरदर्शनसाठी ‘अहमक’ ही चार भागांची मालिका केली आणि ही कथा मुंबई-गोव्यात आणली. अयूब खान-दिन त्यात मिश्किन होते, मीता वशिष्ठ नास्तास्या आणि रोगोझिनच्या भूमिकेत शाहरुख खान. तेव्हा त्याचा एकही चित्रपट प्रदर्शित झालेला नव्हता. आज तिचा उल्लेख होतो तो बहुतेक शाहरुखच्या नावापुरता, आणि हे मला मनापासून खटकते. परदेशी अभिजात कादंबरीला इतक्या गांभीर्याने भिडलेली मालिका सरकारी वाहिनीने आपल्या पैशांतून केली होती, याचा दूरदर्शनलाच अभिमान वाटायला हवा. तिचे चारही भाग स्वच्छ प्रतीत, दर आठवड्याला एक असे, पुन्हा दाखवावेत अशी माझी दूरदर्शनला विनंती आहे. दोन भागांमध्ये आठवडा मिळाला तर कादंबरी शेजारी घेऊन वाचता येईल. आपल्या वृत्तपत्रानेही ही मागणी लावून धरावी.

कळावे,
एक वाचक