आधी शिक्षा, मग सुनावणी?

मा. संपादक, स. न.

मे २०२५ मध्ये पुण्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाने समाजमाध्यमावरील मजकुरावरून एकोणीस वर्षांच्या विद्यार्थिनीला काढून टाकले; त्याच मजकुरावरून तिला अटकही झाली होती. काढण्याआधी तिचे म्हणणे कुणी ऐकलेच नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाने २७ मे रोजी तिला जामीन दिला, महाविद्यालयाच्या आदेशाला स्थगिती दिली आणि तिच्या परीक्षेचा मार्ग मोकळा केला. तो मजकूर योग्य होता की नव्हता, हा वाद वेगळा.

हे प्रकरण गाजले म्हणून निदान न्यायालयापर्यंत गेले. कॉपीची प्रकरणे सहसा तिथवर जात नाहीत. निवृत्तीपर्यंत अनेक परीक्षांना मी वरिष्ठ पर्यवेक्षक होते. भरारी पथक येते, चिठ्ठी सापडते, उत्तरपत्रिका काढून घेतात आणि घाबरलेल्या मुलाकडून तिथेच लेखी कबुली घेतली जाते. काय लिहायचे तेही बहुतेक वेळा आम्हीच सांगतो! पुढे समितीसमोर तोच कागद मुख्य पुरावा ठरतो.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ४८ नुसार या चौकशीसाठी जास्तीत जास्त पाच जणांची समिती असते. तिच्यासमोर जाणाऱ्या मुलाला आरोप नेमका काय, पर्यवेक्षकाने अहवालात काय लिहिले, हे आधी कळायला नको का? चिठ्ठीतला मजकूर त्या प्रश्नपत्रिकेशी संबंधित होता की नाही, हे तरी त्याला विचारता आले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच, घनश्याम दास गुप्ता खटल्यात, परीक्षा समितीचे हे काम न्यायिक स्वरूपाचे आहे आणि बाजू मांडायची संधी न देता निकाल रद्द करता येत नाही, असे स्पष्ट केले होते. अख्ख्या केंद्रावर सामूहिक कॉपी झाली असेल तर प्रत्येकाची वेगळी सुनावणी लागत नाही, हे बिहारच्या परीक्षा मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्याच १९७० च्या निकालाने मान्य केले आहे, तेही रास्तच. पण एकट्यादुकट्या मुलाला तो नियम लावू नये.

कॉपी करणाऱ्याला सोडा, असे मी म्हणत नाही. नोटिशीबरोबर कागदपत्रांच्या प्रती द्या, तयारीला काही दिवस द्या आणि आदेशात कारणे लिहा. ‘दोषी आढळला’ एवढ्यावर भागत नाही. आणि राखून ठेवलेल्या निकालाचा निर्णय पुढच्या परीक्षेचे अर्ज भरायच्या आत लावा, नाहीतर निर्दोष सुटलेल्या मुलाचेही सहा महिने जातात.

– एक निवृत्त प्राध्यापिका, सातारा