प्लाझ्मा इंजिनाचे तीन आकडे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रशियाच्या रोसाटॉम या सरकारी अणुऊर्जा कंपनीच्या प्लाझ्मा इंजिनावरचा (विजेच्या जोरावर विद्युतभारित वायूचा झोत मागे फेकणारं यानाचं इंजिन) कालचा मजकूर वाचला. 'मंगळ आता महिन्याच्या अंतरावर' हे शीर्षक ज्यांना सुचलं, त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं. त्रोइत्स्कच्या प्रयोगशाळेतल्या नमुन्याचे तीन आकडे तुम्ही चौकटीत दिलेत: जोर ६ न्यूटन, झोताचा वेग सेकंदाला १०० किलोमीटर, वीज ३०० किलोवॅट. चौकट आखण्याआधी कुणी कागद-पेन्सिल घेतली असती तर बरं झालं असतं. झोतातून किती शक्ती बाहेर पडते, याचं सूत्र सोपं: जोर गुणिले झोताचा वेग, भागिले दोन. उत्तर येतं बरोब्बर ३०० किलोवॅट! म्हणजे आत गेलेली वीज सगळीच्या सगळी झोतातून बाहेर. वायूचं आयनीकरण (अणूंतून इलेक्ट्रॉन सुटे करणं) फुकटात, चुंबकं फुकटात, आणि तापायचं तर इंजिनाला ठाऊकच नाही. वर्षानुवर्षं अवकाशात चालत आलेली हॉल इंजिनं (याच जातीचा जुना प्रकार) निम्म्याहून थोडी अधिक वीज कामी लावतात, तेवढ्यावर आम्ही खूश असायचो. ३०० हा नुसत्या झोताचा आकडा असेल, तर प्रत्यक्षात किती वीज ओतावी लागते हे विचारायचं काम कुणाचं होतं?

आणि ही वीज यानात आणायची कुठून? अवकाशात चाललेली सोव्हिएत तोपाझ अणुभट्टी (१९८७) पाच किलोवॅटच्या घरातली. तिच्या साठपट भट्टी, तिची उष्णता बाहेर टाकणारे रेडिएटर, इंजिन, इंधन आणि माणसं असं सगळं दहा टनांत बसलं, असं उदार मनाने धरू. त्या दहा टनांना ६ न्यूटनने महिनाभर अखंड ढकललं, तर वेगात भर पडते सेकंदाला दीड किलोमीटर, आणि त्या ढकलण्यामुळे जास्तीचं अंतर कापलं जातं सुमारे वीस लाख किलोमीटर. मंगळ अगदी जवळ येतो तेव्हाही साडेपाच कोटींवर असतो. उरलेलं अंतर बहुधा शीर्षकाच्या जोरावर.

इतका संताप का, असं वाटेल. माझी उभी नोकरी अशा इंजिनांच्या चाचणीचे व्हॅक्यूम चेंबर, म्हणजे हवा उपसून पोकळी केलेल्या टाक्या, सांभाळण्यात गेली. एकदा एक वार्ताहर आले होते (तुमचे नव्हेत). त्यांना शेजारी बसवून सांगितलं, की या इंजिनाचा जोर म्हणजे कागदाच्या दोन पानांचं वजन. तो मोजायचा स्टँड इतका नाजूक, की रस्त्यावरून जड ट्रक गेला तरी रेघ हलते. म्हणून मोजणी रात्री. चेंबर कितीही उपसला तरी थोडा वायू उरतोच. इंजिन तो परत ओढून घेतं आणि जोर फुगलेला दिसतो. झोत भिंतीवरच्या ग्राफाइटवर आदळून कार्बन उडतो, तो इंजिनावर येऊन बसतो आणि झीज आहे त्याहून कमी भासते. म्हणून जोराचा आकडा द्यायचा तर शेजारी चेंबरमधला दाबही द्यायचा. त्यांनी सगळं वहीत उतरवून घेतलं, चहा घेतला, फोटो काढला.

छापून काय आलं? 'ताशी साठ हजार किलोमीटर वेगाने धावणारं इंजिन.' अहो, तो झोताचा वेग! इंजिन स्टँडला बोल्टांनी आवळलेलं होतं, ते कुठे धावणार? निवृत्त होईपर्यंत सहकारी मला 'साठ हजार' म्हणूनच हाक मारत. साहेबांना मात्र त्यात काही विनोदी वाटलं नाही. खुलासा मलाच लिहायला लावला, आणि तो त्या दैनिकाने आजतागायत छापलेला नाही.

काल तुम्ही तेच केलंत. झोताचा १०० किलोमीटरचा वेग सरळ यानाला चिकटवून दिलात. त्रोइत्स्कचा चेंबर १४ मीटर लांब आहे हे आवर्जून सांगितलंत, पण आतला दाब किती, इंजिन सलग किती तास चाललं, यावर अक्षर नाही. नासाचं नेक्स्ट नावाचं आयन इंजिन चेंबरमध्ये ५१ हजार तासांहून अधिक चालवलं गेलं. पाच वर्षांहून जास्त काळ! ती चाचणी २०१४ मध्ये थांबवली, तीही इंजिन बिघडलं म्हणून नव्हे. त्याला तुमच्याकडे चार ओळी तरी मिळाल्या होत्या का?

सोबतच्या चित्राबद्दल न बोललेलंच बरं, तरी बोलतो. यानाच्या मागून भगव्या ज्वाळा आणि धुराचे लोट! धूर, तोही अवकाशात? झेनॉन वायूवर चालणाऱ्या इंजिनातून निळसर उजेड दिसतो, आग नव्हे. खऱ्या चाचण्यांची छायाचित्रं मिळत असताना हे असलं चित्र कोण निवडतं?

शेवटी एक विनंती. माझ्या मागच्या पत्रातला आकडेमोडीचा परिच्छेद 'जागेअभावी' गाळून तुम्ही फक्त 'लेख उद्बोधक वाटला' एवढं ठेवलं होतं. या वेळी कात्री लावायचीच असेल तर 'साठ हजार'चा किस्सा काढा, ६ न्यूटनचा हिशेब राहू द्या.

आपला,
एक निवृत्त तंत्रज्ञ